अर्धी राहिलेली थप्पी

बुधवार पेठेतल्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात यमुनाबाईंनी उभं आयुष्य फर्मे मोडले. छापून आलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घालायच्या, हाडाच्या पट्टीनं दाबायच्या, फर्मा थप्पीवर ठेवायचा, पुढचा घ्यायचा. हातातली थप्पी संपल्याशिवाय त्या उठत नसत. उठून जाणार तरी कुठं? बायकांचा संडास पलीकडच्या गल्लीत, आणि तिथं सदा रांग. म्हणून दिवसभर पाणी प्यायचं नाही, लागली तरी दाबून धरायची आणि घरी गेल्यावर कुंथत बसायचं. हेही त्या कामातच धरत.

साठी उलटल्यावर शौचाच्या वेळी लालसर मांस बाहेर यायला लागलं. आधी आपोआप आत जाई, मग बोटानं ढकलावं लागे. पुढं पुढं नुसतं खोकलं तरी यायचं आणि लुगडं खराब व्हायचं. मूळव्याध समजून त्यांनी पाटी लावून बसलेल्या एका वैदूकडून मलम आणलं. कारखान्यात गुडघे दुखतात असं सांगितलं आणि विश्रांतवाडीच्या घरात बसल्या. शेजारी बसून फर्मे मोडणाऱ्या हेमा आणि सलोनी बोलवायला आल्या, तर त्यांना दारातूनच वाटेला लावलं. परत त्या दोघींत जाऊन बसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण चारचौघींत बसण्याचीच धास्ती.

सून अपेक्षा एकदा म्हणाली, "आई, दुखतात गुडघे आणि धुता फडकी. हा कुठला इलाज?"

दुसऱ्या दिवशी अपेक्षानं रजा टाकली आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टर सृष्टी वयानं लहान होत्या. त्यांनी यमुनाबाईंना कुशीवर झोपवून तपासलं. "असं काही दिसत नाही, आजी. उकिडव्या बसा आणि कुंथा."

यमुनाबाई बसल्या. तोंड वाकडं केलं, श्वास रोखला. जोर मात्र लावला नाही.

"नाही येत," त्या म्हणाल्या. "बरं झालं असेल आता."

"एवढ्या जोरानं माझ्या पेनाचं टोपणसुद्धा निघायचं नाही. दिसलं नाही तर मी मलमच लिहून देणार. ते आहेच ना तुमच्याकडं?"

काम अंगचोरपणे केलं, असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आज म्हटलं आणि ते खरं होतं. त्यांनी लुगडं सारखं केलं, डोळे मिटले आणि पुरा जोर लावला.

"पुरे. ही मूळव्याध नाही. गुदाशय बाहेर येतोय, आमण म्हणतात ते. वर्षानुवर्षं कुंथून खालचा आधार ढिला झालाय. बाळंतपणं किती?"

"चार."

"त्यांनीही हातभार लावलाय. आधी आतडं तपासू. मग पोटाला बारीक छेद देऊन दुर्बिणीनं गुदाशय वर ओढायचा आणि माकडहाडाच्या वरच्या हाडाला जाळीनं बांधायचा. प्रकृती नाजूक असती तर खालूनच बाहेरचा भाग कापून जोडला असता, पण त्यात परत निघायची भीती जास्त."

"आणि हे बांधलेलं?"

"तेही एखाद्याचं सुटतं. लुगडं खराब होणं कमी होईल, पूर्ण थांबेलच असं नाही. पाणी प्यायचं, इसबगोल घ्यायचं, लागली की उठायचं. परत दाबून धरलंत आणि कुंथलात, तर मी तरी काय करणार?"

ऑपरेशन झालं. वजन उचलायची बंदी उठली, तशा यमुनाबाई कारखान्यात गेल्या.

"आले का गुडघे?" मालक गोपाळकृष्ण म्हणाले.

"आले. माठ भरलाय का?"

त्या तांब्याभर पाणी प्यायल्या आणि हेमा-सलोनीच्या मधे बसल्या. हात विसरले नव्हते. ऊन चढलं तशी पोटात कळ आली. समोर थप्पी होती. त्यांनी एक घडी घातली, दुसरी घालायला हात उचलला आणि थांबल्या.

"यमुनाबाई, थप्पी अर्धी राहिली," मालक म्हणाले.

"राहू दे."

पंख्यानं उडू नये म्हणून त्यांनी अर्धवट घडीवर हाडाची पट्टी ठेवली आणि पलीकडच्या गल्लीत गेल्या. रांग होतीच. त्या रांगेत उभ्या राहिल्या.