फाटकवाल्याची ओळ

बावीस वर्षं तो वर्तमानपत्रात 'दिनविशेष' लिहीत होता. पाचव्या पानाच्या तळाशी सात ओळींची चौकट. एकाच तारखेला कुठे पूल खुला झालेला असायचा, कुठे राजा परागंदा झालेला, कुठे धूमकेतू दिसलेला, तर कुठे एखादी गायिका जन्मलेली. शतकांचं अंतर असलेल्या या मंडळींना तो रोज शेजारी शेजारी बसवायचा आणि मनातून खूश व्हायचा. कचेरीत सगळे त्याला 'कॅलेंडर' म्हणत. बायको म्हणायची, "अख्ख्या जगाचे वाढदिवस पाठ, माझा तेवढा सोडून!"

पहिल्या वर्षी त्याने खपून बारा महिन्यांच्या बारा वह्या भरल्या होत्या. पुढे दरवर्षी त्यातूनच उतरवायचं. फार तर एखादी ओळ बदलायची.

एका दुपारी एक बाई त्याच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. अंगावर नर्सचा गणवेश, हातात जुनं कात्रण.

"दिनविशेष तुम्हीच लिहिता ना? येत्या मंगळवारी ही ओळ पुन्हा येईल. यंदा येऊ देऊ नका."

त्याने चष्मा पुसून वाचलं. 'फाटकवाल्याच्या निष्काळजीपणामुळे रेल्वे व बसची टक्कर, तेवीस ठार.'

"तो फाटकवाला माझा बाप," ती म्हणाली. "फाटकाची तार गंजलीय म्हणून बाबांनी दोनदा लेखी कळवलं होतं. चौकशीत ते निर्दोष सुटले. तुम्ही ही ओळ पहिल्यांदा छापलीत, त्याच्या वर्षभर आधीच सुटले होते."

"पण... दरवर्षी..."

"पहिल्यांदा छापलीत तेव्हा मी आठवीत होते. आमच्या शाळेत फळ्यावर दिनविशेष लिहायचे, तुमच्याच पेपरातून. त्या दिवशी पाळी माझी होती."

"मग?"

"मग काय? सात ओळी होत्या, सातही लिहिल्या. बाई मागे उभ्या होत्या." तिने कात्रणाची घडी घातली. "बाबांनी त्याच आठवड्यात तुम्हाला पत्र पाठवलं होतं. मिळालं नव्हतं का?"

मिळालं होतं. विचारताक्षणीच त्याला ते लख्ख आठवलं. रेघांचा कागद, ठसठशीत अक्षर, 'कृपया दुरुस्ती करावी'. पुढच्या वर्षी बघू म्हणून त्याने ते खणात टाकलं होतं. मग खण भरला, टेबल बदललं, आणि वर्षामागून वर्षं तो ती ओळ उतरवत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "टपालात गहाळ झालं असावं."

तिने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "माझी मुलगी यंदा पाचवीत गेलीय. पेपर वाचायला लागलीय," एवढंच बोलून ती गेली. जाताना टेबलावर पत्ता ठेवून गेली.

त्याने ओळ तिथल्या तिथे काढली. पण घास काही घशाखाली उतरेना. बायकोने विचारलं तर ॲसिडिटी सांगितली, म्हणजे आणखी एक खोटं. एका माणसाला बावीस वर्षं चारचौघांत दोषी ठरवलं आणि वर त्याच्या लेकीच्या तोंडावर हात झटकले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो चोरासारखा त्या पत्त्यावर जाऊन उभा राहिला.

दार तिनेच उघडलं. आत खिडकीशी एक किडकिडीत म्हातारा खुर्चीत बसून शर्टाला बटण लावत होता. सुई त्याने पहिल्या फटक्यात ओवली.

"मी पेपरातून आलोय," कॅलेंडर म्हणाला. "तुमचं पत्र मला मिळालं होतं. परवा मी तुमच्या मुलीशी खोटं बोललो."

"ठाऊक आहे," म्हातारा म्हणाला. "रजिस्टर्ड पाठवलं होतं. पोचपावती आली होती. सही तुमचीच."

म्हणजे ती सगळं माहीत असूनच आली होती. त्याला तिच्याकडे मान वर करून बघवेना.

"ओळ काढलीय," तो पुटपुटला.

"काढली?" म्हाताऱ्याच्या हातातली सुई थांबली. "काढू कशी शकता? तेवीस माणसं गेली हो. मी पाहिलीत. ती राहू द्या. फक्त खरं लिहा."

"तुमचं नाव तरी छापलं नव्हतं..." कॅलेंडर चाचरत म्हणाला, आणि बोलल्याबरोबर त्याने जीभ चावली.

"गावात फाटकवाला एकच होता," म्हातारा शांतपणे म्हणाला.

संपादकांचा सूर होता की दोन ओळींचा खुलासा पुरे, चूक कुणाची ते कशाला? पहिल्यांदाच कॅलेंडर त्यांच्या टेबलापुढून हलला नाही. मंगळवारी धूमकेतूच्या ओळीखाली छापून आलं : 'फाटकाची गंजलेली तार तुटून रेल्वे व बसची टक्कर, तेवीस ठार. फाटकवाल्याने दोनदा लेखी सूचना दिली होती. बावीस वर्षं येथे त्यास दोषी म्हटले गेले. त्याचे पत्र मिळूनही ही चूक या सदराच्या लेखकाने सुधारली नाही.'

दुपारी तिचा फोन आला. "बाबांना वाचून दाखवलं."

"काय म्हणाले?"

"'बरं' म्हणाले."

तो वाट बघत राहिला.

"आईलाही वाचून दाखवायचं होतं," ती म्हणाली. "ती गेल्या वर्षी गेली."

त्याने फोन ठेवला. मग त्याने जानेवारीची वही काढली आणि पहिल्या तारखेपासून एकेक ओळ तपासायला घेतली. चौथ्या पानावर एका बुडालेल्या बोटीच्या ओळीत 'खलाशाच्या चुकीमुळे' असं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. हे आपण कुठून घेतलं, ते त्याला काही केल्या आठवेना.