तुमच्या हातचे पस्तीस

शालनवैनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात पोस्टाच्या रांगेत उभी होते. भाचा संजय म्हणाला, "आत्या, आई गेली. आज पहाटे, झोपेतच." मी "निघते" म्हणाले, रांगेतून बाहेर पडले आणि समोरच्या कठड्यावर जाऊन बसले. डोळ्यांत पाणी आलं, पण ते नंतर. त्याआधी आलं ते वेगळंच काहीतरी... खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. पन्नास वर्षं जी गोष्ट वैनीला सांगायची राहिली होती, ती आता सांगावी लागणार नव्हती. सख्ख्या भावाच्या बायकोच्या मरणाने जिला हायसं वाटतं ती बाई कसली, असं वाचणाऱ्याच्या मनात येईल. येऊ दे. महिना उलटला, तेच माझ्याही मनात येतंय, म्हणून तर लिहायला बसले.

वैनी फलटणकडची. कडेगावजवळच्या आमच्या गावात ती लग्न होऊन आली ती सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. दादा फौजेत होता. वर्षातले दोन महिने तो घरी आणि दहा महिने त्याची पत्रं. उसाचं रान चुलते बघायचे आणि घरात आम्ही तिघी, म्हणजे आई, मी आणि वैनी, शिवाय दोन म्हशी. वैनी माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, पण मी पडले नणंद. त्यामुळे ती मला 'वन्सं, तुमी' म्हणायची आणि मी तिला 'वैनी, तू'. तेव्हा यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मॅट्रिकला तिचे सगळे विषय सुटले होते, फक्त इंग्रजी राहिलं होतं. तिला प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हायचं होतं. ते तिने लग्नाआधीच दादाला सांगून टाकलं होतं, म्हणजे बघा. दादाचं पत्र आलं, "इंग्रजी सुटलं तर शालनला सांगलीला डी.एड.ला घालू." ते मीच मोठ्याने वाचून दाखवलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि धारेची बादली उचलून ती गोठ्यात गेली.

मी त्या वर्षी कराडच्या कॉलेजात नुकती जायला लागले होते. येताना मी तिच्यासाठी बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि एक गाईड आणलं. पुढचं सगळं तिनेच ठरवलं. दुपारी जेवणं झाली, आई आडवी झाली की वैनी गजराचं घड्याळ समोर ठेवून पेपर सोडवायला बसायची, अगदी तीन तास. मधे आईने हाक मारलीच तर उठायची, पण परत आल्यावर समासात लिहून ठेवायची, 'म्हशींना पाणी, सात मिनिटं'. ती सात मिनिटं शेवटी वाढवून घ्यायची, आठवं नाही. मग गाईड उघडून स्वतःचा पेपर स्वतःच पेन्सिलीने तपासायची आणि बेरीज शेवटच्या पानाच्या मागे लिहून ते पान दुमडून ठेवायची. संध्याकाळच्या एसटीने मी आले की चहाबरोबर तो पेपर माझ्यापुढे यायचा आणि शेजारी लाल पेन. माझे मार्क देऊन झाले की मगच दुमडलेलं पान उघडायचं.

"मी माझं मोजते, तुमी तुमचं मोजा," ती म्हणायची. "कुठं फरक पडतोय तेवढं बघायचं. फरक कळला की चूक कळली."

पहिल्या पेपरात तिने स्वतःला छत्तीस दिले होते आणि मी एकवीस. पान उघडल्यावर ती इतकी हसली की चहा सांडला. "वन्सं, मी तर पास हून शाळंतबी लागले हुते की!" पण दुसऱ्या दिवशी पंधरा मार्क कुठे गेले ते एकेक करून तिने मला विचारून घेतलं आणि वहीत उतरवलं. एखादी चूक लागोपाठ तीन पेपरांत झाली नाही की ती वहीतून खोडायची. गणपतीपासून दिवाळीपर्यंत असे किती पेपर झाले देव जाणे. मी तेव्हा खरोखर मन लावून तपासत होते, हे मात्र मला लिहू द्या. मार्क वाढत होतेच, पण तिला जास्त आनंद व्हायचा तो आमच्या दोघींतला फरक कमी झाल्याचा. पंधराचा आठ झाला, आठाचा चार. एका संध्याकाळी पान उघडलं तर तिचे बत्तीस आणि माझे चौतीस. ती पदर खोचून थेट गोठ्यात आईला सांगायला गेली, "आवं, फरक दोनवर आला!" आईला कसला फरक आणि कसलं काय.

त्याच आठवड्यात तिने ठरवून टाकलं. "तुमच्या हातचं पस्तीस पडल्याबिगार मी फॉर्म भरायची न्हाई. म्हायेरात नापास झाले ते झाले. सासरच्या गावात नापास झाले तर गल्लीतनं मान वर करून जायाची न्हाई मी." फॉर्मला अजून महिना होता. पस्तीस पडणार हे मला दिसत होतं, आणि ते आईलाही दिसत असावं. एकदा मी चुलीपाशी बसले असताना ती भाकरी थापता थापता म्हणाली, "ती सांगलीला गेली की तुझं कालीज बंद. माझे गुडघे हे असे. दोन म्हशी न् घर माझ्यानं न्हाई हुयाचं." एवढंच. पुढच्याच वाक्यात ती पिठाबद्दल बोलायला लागली.

त्यानंतरचा पेपर मला अजून पाठ आहे. निबंध होता 'आमच्या गावचा बाजार' आणि वैनीने फलटणचा बाजार लिहिला होता. तिची आई मेथीच्या जुड्या विकायला बसायची, आणि गिऱ्हाईक निघून गेलं की उरलेल्या जुड्यांवर पाणी मारून त्यांच्याशी बोलायची, असं काहीतरी तिने साध्या, सरळ इंग्रजीत लिहिलं होतं. मी कॉलेजात शिकत होते, पण मला तसं लिहिता आलं नसतं. मी मनात बेरीज केली, ती चाळीस झाली. मग मी लाल पेन उचललं. व्याकरणाच्या प्रश्नांना हात लावता येत नव्हता, कारण त्यांची उत्तरं गाईडमध्ये होती आणि ते तिने शब्द न् शब्द वाचलेलं होतं. निबंध आणि पत्र यांना कुठे उत्तरं असतात? मी निबंधाचे काढले, पत्राचे काढले, आणि खाली लिहिलं, बत्तीस.

तिने दुमडलेलं पान उघडलं. तिचे एकोणचाळीस होते. तिने दोन्ही आकड्यांकडे आळीपाळीने बघितलं.

"येवढा फरक? आता कसा काय पडला वन्सं?"

"तुला बरोबर वाटतं गं," मी म्हणाले. "पण बोर्डाचे तपासणारे असले निबंध चालवून घेत नाहीत. त्यांना वजनदार भाषा लागते."

"व्हय का..." एवढंच म्हणाली. रागावली नाही, हुज्जत घातली नाही. खोडरबर आणलं, आपले एकोणचाळीस खोडले आणि तिथे बत्तीस लिहिले. आईने मला काहीही करायला सांगितलं नव्हतं. कॉलेज माझं होतं, पेनही माझ्याच हातात होतं.

पुढच्या पेपरला मी तेहतीस दिले आणि त्याच्या पुढच्याला एकतीस. तिने मेथीच्या जुड्या सोडून दिल्या आणि गाईडातले निबंध पाठ करायला लागली. पेन्सिलीचे तिचे मार्कही खाली आले, कारण मला जे चुकीचं 'वाटत' होतं ते तिलाही आता चुकीचं वाटायला लागलं होतं. एकतीसच्या त्या शेवटच्या पेपरला तिने स्वतःला तेहतीस दिले होते. पान उघडून ती म्हणाली, "बघा, फरक परत दोनवर आला." आणि तिला खरंच बरं वाटलं होतं... हे वाक्य आठवलं की आजही मला अन्न जात नाही.

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी ती कडेगावच्या हायस्कुलात जायचं म्हणून लुगडं बदलून उंबऱ्यात उभी होती. "वन्सं, तुमाला काय वाटतंय? भरू का?" खोटे मार्क देणं एक वेळ सोपं होतं. तोंडावर खोटं बोलायला जीभ रेटत नव्हती. तरी बोललेच. "पुढच्या खेपेला भर. घाई कशाला?" तिने मान हलवली, आत जाऊन लुगडं बदललं आणि वैरण कापायला बसली. पुढच्या खेपेला संजय पोटात होता. त्याच्या पुढे मॅट्रिकचा अभ्यासक्रमच बदलला आणि तो विषय तिथेच मिटला. माझं म्हणाल तर मी बी.ए. झाले, बी.एड. झाले आणि साताऱ्यात इंग्रजीची शिक्षिका म्हणून तीस वर्षं काढली. बत्तीस-तेहतीसवर अडकलेलं पोर माझ्या हातून कधी नापास झालं नाही. कुठून तरी दोन मार्क शोधून काढायचेच. शाळेत सगळे त्याला माझा चांगुलपणा म्हणायचे आणि मी म्हणू द्यायचे.

संजय शाळेत जायला लागल्यावर वैनी त्याचे इंग्रजी निबंध मला पोस्टाने पाठवायची. सोबत चिठ्ठी, "तुम्ही तपासा, मला काय कळतंय." एकदा मी ती पानं खिडकीपाशी नेऊन वाचत होते, तर ओळींमधून पेन्सिलीच्या पुसट खुणा दिसल्या. पोराच्या चुका तिने आधी दुरुस्त केल्या होत्या आणि मग खोडरबराने पुसून टाकल्या होत्या. मी एकेक ताडून पाहिली. सगळ्या दुरुस्त्या बरोबर होत्या. त्या दिवशी तिला पत्रातून सगळं कळवायचं ठरवलं. तीन ओळी लिहिल्या आणि कागद चुलीत घातला.

आई थकली तेव्हा एकदा आपणहून म्हणाली, "शालनला धाडाय पायजे हुतं गं सांगलीला. मी आपली बोलून गेले. गेली असती तर रेटलं असतं कसंबी." मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन होतं.

गेल्या पावसाळ्यात वैनीला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेले ते पक्कं ठरवूनच गेले होते, आज सांगायचं. नर्स नळी बदलत होती. वैनी तिला म्हणाली, "ह्या माझ्या वन्सं. इंग्रजीच्या मास्तरीण. मलाबी शिकवलंय त्यांनी. पर लय कडक! आपली म्हणून कंदी मार्क वाढवून दिलं न्हाईत. त्यांनी थांबवलं म्हणून फजिती टळली माजी." नर्स माझ्याकडे आदराने बघून हसली. मी वैनीचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "वैनी, ते मार्क..." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो, माजी अक्कल तेवढीच." आणि मी राहू दिलं. त्यानंतर आमची भेट नाही.

तेराव्याला गावी स्वयंपाकघरात संजयची बायको रूपाली आमटीचं पातेलं उतरवायच्या बेतात होती. मला बघून तिने वाटीत थोडी आमटी घातली आणि पुढे केली. "आत्या, तेवढं मीठ बघा की. आमच्या सासूबाई दुसऱ्या कुणीतरी चाखल्याबिगार पातेलं उतरू द्यायच्या न्हाईत. सगळा जन्म सैपाक केला, पण 'मला काय कळतंय, तू बघ' म्हणायच्या. स्वतःच्या जिभंवर इश्वास न्हवता त्यांचा." ती कौतुकाने हसत सांगत होती. लग्न होऊन आली तेव्हा वैनी चिमटीने मीठ टाकून मोकळी व्हायची. चाखायची नाही, कुणाला विचारायची नाही, आणि चुकलेलं मला एकदाही आठवत नाही.

"तूच चाख," मी रूपालीला म्हणाले.

"मी? मला काय..."

"तूच चाख."

तिने वाटी तोंडाला लावली. मग म्हणाली, "कमी वाटतंय."

"मग कमीच आहे. घाल."

तिने मिठाच्या बरणीत हात घातला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "किती घालू?"

"ते तू ठरव बाई," म्हणून मी मागच्या दाराने बाहेर पडले. गोठ्याच्या भिंतीला टेकून रडत उभी राहिले. आतून जेवणाची पानं मांडल्याचा आवाज येत होता, आणि कुणीतरी मला हाक मारत होतं.