कुटुंबात इतर कोणास

तो रकाना कोरा ठेवण्यात हेरंबचा फायदा तिहेरी आहे. एक, आईचं मन राहतं; ‘गेलेल्या माणसाला दवाखान्याच्या कागदावर चढवू नकोस,’ असं तिनं सकाळीच बजावलंय. दोन, सासरवाडीत मान खाली जात नाही. आणि तीन, जो हेरंब स्वतःशीही मोजत नाही: लेकीच्या, केतकीच्या वागण्याचं खापर बायकोच्या, शरयूच्या डोक्यावर राहतं, जिथं ते गेली दोन वर्षं सुखानं नांदतंय. शरयू नोकरी करते, शरयू पोरीला मोबाइल देते. कारणं शोधण्यात घरानं आळस केलेला नाही.

मिरजेतला दवाखाना, दुपारचे तीन. शरयू नऊ वर्षांच्या केतकीला घेऊन आत तपासणीला गेलीय. डॉक्टरीणबाईंनी मघाशी सांगितलं, लक्षणं एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराची दिसतायत. जुळ्यांवरचे अभ्यास सांगतात की हे बरंचसं रक्तातून येतं, आईच्या वळणातून नाही. तेव्हा फॉर्म खरा भरा, उपचार त्यावरही ठरतात. ‘कुटुंबात इतर कोणास असा त्रास?’ हेरंब पेन धरून बसलाय. डोळे मिटतात, उघडतात, मिटतात.

शेजारी आप्पा बसलेत. त्याचे वडील. गेल्या वैशाखात गेले. हेरंब तेव्हा रडला नाही, आत्ताही दचकत नाही. आप्पांच्या बोटांना पिवळा ऑइलपेंट आहे. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या, आणि त्यांतल्या निम्म्या त्यांनी निम्म्याच रंगवलेल्या.

“लिहीत का नाहीस?”

“आई नको म्हणते.”

“मी मेलो तरी तिचं पांघरूण घालणं सुटत नाही बघ.”

बाक उंच होतं. आता दोघं शिडीवर आहेत, खाली बाजारपेठ, दुकानं दुपारची बंद. पाटीवर ‘जय भवा’ एवढंच. उरलेली अक्षरं आई भरतेय, पदर खोचून, जीभ दाताखाली धरून. नाव आप्पांचं, वाकडी अक्षरं तिची.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“मी सकाळी यायचो तर पाटी पुरी झालेली. वाटायचं, मीच केली.”

“खरंच?”

“अर्धं खरं. तेवढंच मला जमायचं.”

शिडी उतरली की घर, गेल्या वैशाखातलं. आई आठ दिवस मावशीकडे गेलीय. टेबलावर बीपीच्या गोळ्यांचं पाकीट, जवळजवळ भरलेलं.

“घेतल्या नाहीत?”

“पहिल्या दिवशीची घेतली. बहुतेक.”

हेरंब स्वतःत काही हलतंय का ते तपासतो. अंगाखाली दबलेल्या हातासारखं सगळं बधिर.

“मेलेल्याचं काय जातं रे?” आप्पा म्हणतात. “पोरीला औषध मिळू दे, वर्गात पुढचं बाक मिळू दे. माझ्या वेळी एकच औषध होतं, मास्तरांची ओली छडी. तेवढा एकच कोर्स मी पूर्ण केला.”

ते फ्रीजसमोर उभे आहेत, पण फ्रीज आता हेरंबच्या घरातला. दारावर चिठ्ठ्या: गाडीची चावी, लाइटबिल, रजेचा अर्ज, आईंचा चष्मा. अक्षर शरयूचं.

“आणि ह्या पाट्या कुणाच्या?”

हेरंब रजेच्या अर्जाची चिठ्ठी तळहातानं झाकतो.

“म्हणजे हे माझ्यावरून उडी मारून थेट पोरीवर गेलं, असं सांगणार होतास डॉक्टरला? तू मधे काय नुसता…”

वाक्य तिथंच टाकून आप्पा निघून जातात. त्यांची तीच रीत.

फॉर्म मांडीवर आहे. रकान्यात दोन नावं. आप्पांचं, आडनावासकट. खाली हेरंबचं स्वतःचं. अक्षर त्याचंच, शाई अजून ओली, तळहाताला लागलेली. खोडायला पेन हातातच आहे. तो टोपण लावतो.

शरयू केतकीला घेऊन बाहेर येते, फॉर्मकडे न बघताच हात पुढे करते. “दे, मी भरते उरलेलं.”

“भरलाय.”

ती वाचते. पुन्हा वाचते. शेजारी बसते.

“आईंना काय सांगायचं?”

“मी सांगतो.”

“विसरशील,” ती म्हणते. आवाजात राग नाही, काहीच नाही.

रकान्यात नावं दोन. ज्या दोघींनी एकाची चाळीस आणि दुसऱ्याची अकरा वर्षं भरून काढली, त्यांच्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.