छागलीखालचा गंज

रंगवलेली कुठलीही वस्तू दिसली की अप्पांच्या उजव्या अंगठ्याचं नख आपोआप तिच्याकडे जायचं. दार असो, सायकल असो, दवाखान्यातला बाक असो. कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी एक बारीक रेघ ओढायची, नखाखाली काय आलं ते उजेडात धरून बघायचं आणि म्हणायचं, "आधी खरवडू, मग बोलू."

हे वेड किती असावं? लेकीच्या सोयरिकीसाठी ते निलंग्याला गेले होते. पोहे आले, चहा आला, आणि बोलणी चालू असताना यांचा अंगठा मुलाकडच्यांच्या हिरव्या कपाटावर. मुलाचा बाप बघतच राहिला. "अहो पाव्हणे, काय करायलात?" अप्पांनी नख उजेडात धरलं. "खाली जुना तपकिरी रंग हाय. पण गंज न्हाई. करू सोयरीक." आणि गंमत म्हणजे लेक तिथं सुखात नांदली. अप्पा मरेपर्यंत त्याचं श्रेय कपाटालाच देत होते.

अप्पा मूळचे उदगीरचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशात पत्र्याचा खरवडायचा तुकडा. दिवसभर मराठी बोलायचे, पण एखाद्या कामाला नाही म्हणायचं असलं की कानडीत म्हणायचे, "इल्ला." एकदा इल्ला आलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी त्याचं हो होत नसे. लातुरात आमच्या सरकारी ऑफिसच्या पाट्या, दारं, गाड्यांवरची नावं, सगळं तेच रंगवायचे.

मी त्या ऑफिसात जीपचा ड्रायव्हर होतो. स्वतःच्या तोंडानं सांगतो, माझ्यासारखी गाडी कुणी ठेवत नव्हतं. रोज फडका, रविवारी धुणं, सीटला पांढरं कव्हर. दुष्काळात त्याच जीपमधून साहेब लोकांना घेऊन मी खडी फोडायच्या कामांवर गावोगाव फिरलो. पुढं बंपरजवळ, माझ्या बाजूच्या दिव्यापाशी मी छागल टांगायचो. ती जाड कापडाची पाण्याची पिशवी तुम्हाला आठवत असेल. कापडातून पाणी झिरपायचं, वारा लागायचा आणि आतलं पाणी माठासारखं गार व्हायचं. साहेब प्यायचे, मुकादम प्यायचा, उन्हात खडी फोडणाऱ्या बायका ओंजळी पुढं करायच्या. "डायवर, तुजं पानी लई गार रं," असं एखादी म्हातारी म्हणाली की माझी छाती फुगायची. दुष्काळ सरला, पण छागल तिथंच राहिली. वर्षानुवर्षं मी ती रोज सकाळी भरली.

मग लातूर जिल्हा वेगळा झाला. काय तो उत्साह! जुन्या जिल्ह्याच्या सात जीपगाड्या नव्या जिल्ह्याच्या वाट्याला आल्या, त्यांत माझी, माझ्यासकट. साहेबांनी हुकूम काढला, सगळ्या गाड्यांवरचं जुनं नाव काढून नवं टाका. मिरवणुकीत माझी गाडी सगळ्यांत पुढं असणार होती. मिरवणूक झाली की साहेब, त्यांच्या बाई आणि दोन लहान मुली यांना घेऊन मला उदगीरला जायचं होतं. मी बायकोला सांगितलं, बायकोनं गल्लीला सांगितलं. कुठं उभं राहिलं म्हणजे मी नीट दिसेन, हेसुद्धा तिनं ठरवून टाकलं होतं.

अप्पांनी सहा गाड्या केल्या. त्यांना घाई माहीत नव्हती. जुनं नाव खरवडायचं, पॉलिश पेपर मारायचा, मग अस्तर, मग रंग, मग अक्षरं. माझी जीप मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण तिच्यात काही करायचंच नाही असं मीच त्यांना सांगितलं होतं. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी दुपारी ते बंपरपाशी बसले. छागल काढून बाजूला ठेवली. पत्र्याचा तुकडा फिरवत फिरवत बंपरच्या मागं चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत गेले आणि एकदम थांबले.

"डायवर, हिकडं ये."

मी गेलो. पत्र्याचा तुकडा चासीच्या लोखंडात बोटभर आत गेलेला होता.

"इल्ला," अप्पा म्हणाले.

"काय इल्ला?"

"नाव टाकत न्हाई."

माझं डोकंच सणकलं. "अप्पा, तुम्ही पेंटर हाव का फिटर? थोडी लांबी भरून भोक बुजवा, वरून रंग मारा. उद्या सकाळी गाडी पुढं लावायचीय!"

"लांबीवर मानसं बसवू?"

"मानसं सीटवर बसतेत. तुमाला जमत नसंल तर मी मारतो रंग." आणि खरंच मी त्यांच्या हातातला ब्रश ओढून घेतला. बापाच्या वयाच्या माणसाच्या हातातला. आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते. मी खाली बसून भोकावर रंग फासायला लागलो. अप्पा रागावले नाहीत. उठले आणि गाडीत माझ्या जागेवर जाऊन बसले. त्यांना गाडी येत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच ते स्टिअरिंगमागं बसले असतील.

"यंत्रातलं मला कळत न्हाई," ते म्हणाले, "लोखंड कळतं. तितं हात ठेव. हां, स्टिअरिंगचा बॉक्स बसवलाय तितं. पंजा पुरा ठेव."

मी वैतागून पंजा ठेवला. अप्पांनी स्टिअरिंग डावीकडं फिरवलं. चाक हललं नाही. माझ्या तळव्याखाली चासी वर आली. उजवीकडं फिरवलं, तशी खाली बसली. पुन्हा डावीकडं, पुन्हा वर. झोपलेल्या जनावराच्या पोटावर हात ठेवावा तसं ते लोखंड वरखाली होत होतं. स्टिअरिंगचा बॉक्स ज्या लोखंडाला आवळलेला, तेच सुटत आलं होतं. महिनाभर गाडी जरा एका बाजूला ओढत होती आणि मी टायरला दोष देत होतो.

साहेबांच्या त्या दोन मुली डोळ्यांपुढं आल्या. आणि मग वर बघितलं तर छागल टांगायचा आकडा बरोबर त्या जागेच्या डोक्यावर. इतकी वर्षं थेंब थेंब पाणी तिथंच पडत होतं. त्यावर धूळ बसायची, चिखल व्हायचा, तो कधी वाळायचा नाही. मी वरून फडका मारायचो, दर दिवाळीला रंग द्यायचो. लोक हंडाभर पाण्यासाठी कोस कोस चालत होते त्या मुलखात माझी गाडी पाण्यानं सडली होती, आणि ते पाणी मीच पाजलं होतं.

अप्पांनी आकड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

साहेब आले. वाकून बघितलं. "ड्रायव्हर, गाडीकडे लक्ष असतं की नाही? नेमकं इथंच कसं सडलं?"

मी फडका काढून बंपर पुसायला लागलो. नोकरीच्या पुस्तकात लाल शेरा दिसायला लागला. तेवढ्यात अप्पाच म्हणाले, "साहेब, दुष्काळातली गाडी हाय. लई लोकांला पानी पाजलंय तिनं. आता तिला जरा बसू द्या." साहेब हसले आणि दुसरी गाडी पुढं लावायला सांगून निघून गेले. अप्पांनी छागल उचलली. "ही मी नेतो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत मी रस्त्याच्या कडेला बायकोशेजारी उभा होतो. "तुमची गाडी कामून दिसंना?" तिनं विचारलं. "रंग ओला हाय," मी म्हणालो. ती दिवसभर फुरंगटून बसली. चार दिवसांनी फिटरनं बॉक्स सोडायला पान्हा लावला तर बोल्ट फिरलेच नाहीत, लोखंडाच्या पापुद्र्यासकट हातात आले. "हे निस्त्या रंगावर उभं होतं की हो!" तो म्हणाला. नवी पट्टी वेल्डिंग करून बसवल्यावर अप्पा आले, खरवडून बघितलं आणि मगच नाव टाकलं. काय अक्षर होतं! मिरवणुकीतल्या सहाही गाड्यांपेक्षा देखणं. त्या दिवशी ब्रशबद्दल मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "धरायला जमत न्हाई तुला. लई मुठीत धरतो."

तुम्ही आता जुन्या मोठ्या गाड्या घ्यायला जाता. सीटचं कव्हर बघता, टेप वाजवून बघता, चकाकी बघून खूश होता. बाबांनो, एकदा खाली वाका. कुणाला तरी स्टिअरिंगवर बसवा आणि पंजा ठेवा. जुनी गाडी घेताना मी माझ्या जावयाला भर बाजारात धुळीत आडवं व्हायला लावलं. त्यानं तोंड वाकडं केलं, पण ती गाडी घेतली नाही.

अप्पा गेले तेव्हा मी नांदेडला होतो, बातमी उशिरा कळली. भेटायला गेलो तर अप्पांच्या बायको, आमच्या अव्वा, अंगणात बसल्या होत्या. कढीपत्त्याच्या झाडाच्या फांदीला माझी छागल टांगलेली. तिला चार ठिगळं लागली होती. खाली मोगऱ्याचं आळं आणि मोगरा भरून फुललेला.

"अजून भरता तुम्ही?" मी विचारलं.

"रोज. तेनी सांगूनच गेलेत. हितं ठिपकू दे म्हनायचे, हितं काय सडत न्हाई."

मला राहवलं नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं त्यांना सांगून टाकलं, की गाडी माझ्या छागलीनं सडली, आणि साहेबांपुढं मी तोंड उघडलं नाही.

अव्वा हसल्या. "मला त्याच दिवशी सांगितलं की तेनी. म्हनले, पोरगं पानी पाजत होतं, चोरी न्हाई करत."

माझे डोळे भरून आले. त्यांना दिसू नये म्हणून मी झाडाकडं वळलो आणि छागलीखाली पंजा धरला, पुरा. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक थेंब पडला. पाणी अजून तसंच गार होतं.