नागोजीअण्णांची सकाळची पट्टी

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही बसेल असं वाटत नाही. निपाणीजवळच्या आमच्या खेड्यातला मी पहिला बी.एस्सी. घरात तर शाळेची पायरी चढलेलाही पहिलाच. अंगात आलेल्या बाईला "आधी बस, पाणी पी" म्हणणारा माणूस मी. तरी हे सांगतोय... कुणाला उलगडा झाला तर बघा.

साठ सालानंतर बंगळूरच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर खात्यात लागलो. लोखंडी कपाटं, टेबलभर बटणं आणि थंडगार खोली. मशीनला काम सांगायचं ते कागदी पट्टीवर भोकं पाडून. माझे सीनियर नागोजीराव. आम्ही अण्णा म्हणायचो. बसवनगुडीतलं पिढ्यान्‌पिढ्यांचं मराठी घर, बोलण्यात निम्मं कन्नड.

रोजच्या कटकटीच्या कामांसाठी लहान लहान पट्ट्या करायचा त्यांना नाद होता. एक पट्टी दुसरीची नक्कल काढायची, एक चुका शोधायची. लाडकी मात्र सकाळची पट्टी. मशीन सुरू केलं की आधी तीच घालायची. कालचं सगळं मेमरीतून पुसून ती जागा मोकळी करायची. पण पुसण्याआधी अण्णांनी तिच्यात एक थांबा ठेवला होता. मशीन तिथं अडायचं, स्पीकरमधून एकच सूर धरायचं, आणि माणसानं अंगठ्यानं टेबलावरचा खटका वर केल्याशिवाय पुढं जायचं नाही.

"अण्णा, हा थांबा काढा की. आपोआप व्हावं म्हणूनच पट्टी ना?"

"पुसलेलं परत येतं काय रे, पदवीधर? पुसायच्या आधी स्वल्प थांबावं. विचारावं माणसाला."

"मशीननं विचारायचं?"

"मग? तू विचारतोस काय माझ्या डब्याला हात घालताना?"

अशी आमची बोलणी. मग एके संध्याकाळी लालबागेजवळ त्यांच्या सायकलला लॉरीनं उडवलं. डोक्याला मार. शुद्ध आलीच नाही. जवळचं असं कुणी नव्हतं — फक्त मोठी बहीण, तुळसाक्का. लहानपणी विधवा झालेली. अण्णांना तिनंच वाढवलेलं. ती दवाखान्यात त्यांच्या खाटेशी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळची पट्टी मी घातली. थांब्याचा सूर आला... आणि मी हात उचलायच्या आत तुटला. मशीन पुढं निघून गेलं. खटका होता तसा खालीच.

इंजिनियरनं टेबल उघडून खटका तपासला, तारा तपासल्या. सगळं ठीक. थांबा असलेल्या दुसऱ्या पट्ट्या नीट थांबत होत्या. त्याच पट्टीची नक्कल काढून घातली, तीही थांबली. अण्णांच्या हातची पट्टी तेवढी रोज आपली आपण पुढं जायची.

दुपारी दवाखान्यात काहीतरी बोलायचं म्हणून मी हे अक्कांना सांगितलं. त्या अण्णांच्या हाताकडं बघत राहिल्या.

"सकाळी त्याचा अंगठा हलतो रे. असा... वर. नर्सबाई म्हणते शिरा ओढतात."

"अक्का, खटका सैल झाला असेल."

"असू दे सैल."

डॉक्टरांनी त्यांना सरळ सांगितलं होतं, आशा ठेवू नका. पण मी दारात दिसलो की त्या विचारायच्या, "आज गेलं मशीन पुढं, आपलं आपण?"

"गेलं, अक्का."

"सरी, बरं झालं. मग आहे तो."

एका सकाळी पट्टी घातली आणि थांब्याचा सूर लागला. तुटेना. मी हात मांडीवर ठेवून बसलो. खटक्याला हात लावायचं धाडस होईना. बी.एस्सी. झालेला माणूस...

खात्याचे साहेब आले. "कशासाठी थांबलायस?"

"सर, स्वल्प थांबू या." तोंडातून अण्णांचाच शब्द गेला.

"मशीन अडलंय, तू का अडलास?" म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावरून हात घालून खटका वर केला. सूर तुटला.

दवाखान्यात गेलो तर अक्का व्हरांड्यात केस विंचरत होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"बघ जा, आज हात कसा शांत आहे. सकाळपासून ओढ नाही काही. नीट झोप लागली बघ त्याला." मग नेहमीसारखं, "मशीन गेलं ना?"

"गेलं, अक्का."

खोटं नव्हतं ते.

"मग आहे तो," म्हणून त्या माझ्यासाठी कॉफी आणायला गेल्या. मी अण्णांच्या अंगठ्याखाली बोट धरून बसलो. श्वास चालू होता. अंगठ्याला नुसतं वजन होतं.

त्याच आठवड्यात अण्णा गेले.

पट्टी अजून वापरात आहे. त्या सकाळपासून ती रोज थांब्यावर थांबते, एकदाही चुकलेली नाही. मधे ती का थांबत नव्हती, हे इंजिनियरला सांगता आलं नाही, मलाही नाही. नवी पोरं म्हणतात, सर, हा थांबा काढून टाकू. मी काढू देत नाही. सूर लागतो, आणि मी हात मांडीवर ठेवून स्वल्प थांबतो. काही होत नाही. मग मीच खटका वर करतो, आणि कालचं सगळं पुसलं जातं.