एका किल्लीच्या दोन सावल्या

अणुबाँब पडला त्याच्या पुढच्या वर्षी गोंदियात युरेनियम समजलेला माणूस एकच होता, आणि तो मी. निदान माझी तशी समजूत होती. नागपूरहून बी.एस्सी. होऊन मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. वर्तमानपत्रात बाँबबद्दल जे येई, ते जेवताना बायकोला समजावून सांगत असे. ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं.

"युरेनियमचे दोन भाऊ," मी एकदा सांगत होतो. "दोनशे अडतीस आणि दोनशे पस्तीस. नाव एक, रूप एक, कुठलंही रसायन टाका, दोघं सारखेच वागणार. फरक तेवढा वजनात. थोरला सुस्त. धाकटा हलका, पण त्याचं डोकं तापलं की शहर जाळतो. तरी बरं, एकशे चाळिसात एखादाच असतो."

"तुमच्या घरी दोनातच एक निघाला," ती भात वाढता वाढता म्हणाली. आमच्या घरात मी धाकटा. ती केशोरीची, मिरचीसाठी नावाजलेल्या गावची; बोलताना हात आखडता घेत नसे.

दरेकशाहून दर बाजाराला एक म्हातारी आगगाडीने चारोळी घेऊन येई. बायको तिला मावशी म्हणे. टोपलीवरचं फडकं उडू नये म्हणून मावशी त्यावर एक काळा दगड ठेवायची. एकदा तो बाजूला करायला गेलो आणि माझं मनगटच खाली गेलं. पेरूएवढा दगड, वजन लोखंडासारखं.

"कुठला गं हा?"

"माह्या वावरातला. नांगराले लागते असे गोटे. कायले?"

मी तो पंधरा दिवसांसाठी मागून घेतला. किरणोत्सारी दगडाचे किरण काळ्या कागदातूनही फोटोच्या प्लेटवर उमटतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. बाजारातल्या फोटोवाल्याकडून कागदात गुंडाळलेली प्लेट आणली.

"मास्टरजी, पत्थर का फोटो?" तो म्हणाला. "हँसेगा तो सही?"

घरी येऊन मी प्लेट पलंगाखाली ठेवली, तिच्यावर खुंटीवरची एक पितळी किल्ली, आणि किल्लीवर दगड. दगड खरा असेल तर प्लेट काळी पडेल आणि किल्लीपुरती जागा कोरी राहील, असा हिशेब.

दहा दिवसांनी फोटोवाल्याने प्लेट धुऊन दिली. किल्ली उमटली होती. एक नाही, दोन! एकमेकींवर तिरप्या पडलेल्या, दोन्ही फिकट.

मी भर रस्त्यात नाचायचाच बाकी होतो. एक सावली दोनशे अडतीसची, दुसरी दोनशे पस्तीसची. हे दोन भाऊ वेगळे करायला अमेरिकेला कारखानेच्या कारखाने लागले, आणि मी ते पलंगाखाली केलं होतं. घरी येताच सरकारच्या खनिज खात्याला पत्र लिहायला बसलो. मावशीचं गाव, तिच्या वावराची खूण, खाली माझी लफ्फेदार सही.

बायकोने प्लेट उजेडात धरली. "अहो, ही तर माझ्या ट्रंकेची किल्ली. पाचव्या दिवशी मला हळदीकुंकवाला लुगडं काढायचं होतं. काढलं, किल्ली परत दगडाखाली ठेवली. जराशी तिरपी पडली असेल."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, एवढं ती बोलली नाही हे तिचे उपकार.

पण दगड खराच होता, हे दोन्ही किल्ल्या सांगत होत्या. मी दोन भावांचं वाक्य गाळून पत्र नव्याने लिहिलं.

मावशी दगड न्यायला आली तेव्हा पाकीट टेबलावर तयार होतं. मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं की तिच्या वावरात मोठी चीज आहे, आता सरकार येऊन खणेल.

"मंग मी धान कुठं लावू?"

"सरकार दुसरी जागा देईल." मला काहीही ठाऊक नव्हतं.

"जंगल खात्यानं उठवलं होतं आमाले एकडाव," ती म्हणाली. "तवाबी असंच म्हणत होते."

मी विषय बदलावा म्हणून शास्त्राकडे वळलो. हा दगड जिवंत आहे, आतल्या आत झिजतो आहे, असं सांगितलं.

"कवा सरन हा?"

"सरणार कसला? अर्धा झिजायलाच साडेचारशे कोटी वर्षं."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पाकिटाकडे. "एवढा टेम हाये त्याच्यापाशी, तं तुमी घाई कायले करून राहिले, मास्तर? माह्यं जिनं किती उरलं? तेवढं तं थांबन ना हा गोटा."

बायको हसली नाही. मला मात्र लाज वाटली. देशाचं भलं वगैरे मी मनाशी म्हणत होतो, पण मला हवं होतं ते माझं नाव छापून यायला. मी उठलो आणि पाकीट चुलीत घातलं. दगड घरात ठेवू नकोस, बांधाशी खोल पुरून टाक, एवढं मावशीला दोनदा सांगितलं.

पुढच्या बाजाराला तिच्या फडक्यावर एक पांढरा दगड होता. मी तो उचलून पाहिला. हलका होता, आणि मला बरं वाटलं.