चौथीचे सामान्यज्ञान

आलापल्लीपलीकडच्या एका जंगलातल्या शाळेत मी शिक्षिका होते, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री इतक्या लवकर बदलत की माझा जीव मेटाकुटीला यायचा. मुलांकडून एक नाव घोकून घ्यावं, तोवर दुसरंच नाव आलेलं असायचं. आणि तेही आम्हाला कळायचं एसटीनं दोन दिवसांनी येणाऱ्या पेपरातून.

एकदा शिक्षण खात्याचे साहेब जीपनं शाळेच्या तपासणीला आले. चौथीतल्या एका मुलीला त्यांनी विचारलं, "आपले मुख्यमंत्री कोण?"

तिनं खणखणीत आवाजात नाव सांगितलं.

"चूक. परवाच बदलले."

"बाईनं हेच शिकवलं, सर," ती म्हणाली. "चार दिवस झाले, बस आली नाई. पेपर येईन तवा नवीन पाठ करतो."

साहेबांनी शेरा लिहिला, 'चौथीचे सामान्यज्ञान कच्चे.' मला राहवलं नाही. त्याच्याच खाली मी लिहिलं, 'बस बंद होती. मुलीचे उत्तर बरोबर धरावे.' साहेबांनी ते वाचलं, खोडलं नाही. पण आपला शेराही बदलला नाही.

ते गेल्यावर ती मुलगी म्हणाली, "बाई, नवीन नाव तं साहेबानं सांगतलंच नाई."

खरंच, रागाच्या भरात मीही विचारलं नव्हतं.